जुन्या ट्रकवर आणखी खर्च करायचा की गाडी बदलायची?

हा निर्णय बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी घेतला जातो. इंजिन उघडलेलं असतं, हेड बाकावर पडलेलं असतं, मिस्त्री "पुढे काय करू?" विचारत असतो आणि तिकडे माल खोळंबलेला असतो. अशा वेळी माणूस एकतर घाईने "करून टाका" म्हणतो, नाहीतर वैतागून "विकून टाका" म्हणतो. हिशेब दोन्हींत नसतो. म्हणून खालची सगळी तपासणी गाडी चालती असतानाच करायची, शक्यतो कामाचा जोर कमी असलेल्या आठवड्यात. एक पूर्ण दिवस, धुतलेली गाडी, एक मदतनीस आणि जुनी बिलं एवढं लागतं.

समोर ठेवायचा प्रश्नही नीट मांडून घ्या. "एवढा मोठा खर्च या गाडीवर करायचा का?" असं विचारलं की उत्तर बिलाच्या आकड्यावर ठरतं. "हा खर्च केला तर गाडी अजून किती महिने भरवशाने चालेल, आणि त्या प्रत्येक महिन्याला किती पडेल?" असं विचारा. उत्तर कितीतरी वेळा उलटं येतं.

आधी वही

गेल्या २४ महिन्यांची बिलं एका कागदावर उतरवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले, हे सगळे लिहितातच. त्यात दोन रकाने वाढवा: गाडी किती दिवस उभी राहिली, आणि बिघाड कशामुळे झाला. शेवटचा रकाना भरताना अडखळायला होईल, पण खरी माहिती तिथेच आहे. दोन वर्षांत तीन स्टार्टर बदलले असतील तर गाडी म्हातारी झाली म्हणून नव्हे. बहुधा इंजिनाची अर्थिंग पट्टी गंजली आहे आणि प्रत्येक नवा स्टार्टर कमी व्होल्टेजवर तापून जळतो आहे. इंजेक्टर वारंवार बिघडत असतील तर टाकीच्या तळाचा गंज आणि पाणी बघा. बिलांचा गठ्ठा जाड दिसतो, पण त्यातला निम्मा कधीकधी एकाच न सापडलेल्या कारणाचा असतो. ते कारण काढलं की मरायला टेकलेली वाटणारी गाडी सुधारते.

किलोमीटरसोबत इंजिनाचे तासही बघा. टिपर, क्रेन, मिक्सर अशा गाड्या उभ्या राहून इंजिन चालवतात आणि ती झीज किलोमीटरमध्ये दिसत नाही. उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे साधारण ५० किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरा.

चेसिस: इथे नापास तर पुढचं वाचायची गरज नाही

इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे सगळं बदलता येतं. चेसिसच्या दोन लांब पट्ट्या गेल्या की गाडी गेली. म्हणून सुरुवात नेहमी खालून.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, चेसिस धुऊन वाळू द्या. अर्धा किलोची गोल डोक्याची हातोडी घ्या आणि पट्टीवर टप्प्याटप्प्याने हलके ठोके मारत पुढून मागे जा. धड लोखंड खणखणतं. गंजाने पोखरलेलं लोखंड बद्द आवाज करतं आणि ठोक्यासरशी पोपडे खाली पडतात. पोपडा पडला म्हणजे सगळं संपलं असं नाही; खालचा धातू तारेच्या ब्रशने साफ करा, व्हर्नियरने जाडी मोजा आणि त्याच पट्टीच्या निरोगी भागाशी तुलना करा.

या जागा सोडू नका: पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटभोवती, मागच्या ॲक्सलच्या वरचा भाग, आडव्या पट्ट्यांचे जोड, बॅटरीच्या पेटीखाली (ॲसिडमुळे), आणि जिथे एका पट्टीत दुसरी पट्टी बसवून चेसिस दुहेरी केली आहे ती जागा. दुहेरी चेसिसचा गंज सर्वांत फसवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये पाणी साचतं, आत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्याने पट्ट्या आतून फाकतात. बाहेरून रंग चकचकीत दिसतो. कडेला डोळा लावून सरळ रेषेत बघा. पट्टी मध्येच फुगलेली, लाटेसारखी दिसली तर आत काय चाललंय ते कळतं.

तडा शोधताना तपकिरी रेषा शोधा. तडा बहुतेक बोल्टच्या भोकापासून किंवा जुन्या वेल्डच्या काठापासून सुरू होतो, आणि त्यातून झिरपलेलं पाणी गंजाची बारीक रेघ सोडतं. शंका आली तर तडा शोधायचा लाल रंग मिळतो: तो मारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा, तडा असेल तर लाल रेघ परत वर येते. उभ्या भागात भोकाजवळ असलेला छोटा तडा चांगला कारागीर कंपनीच्या पद्धतीने दुरुस्त करू शकतो. दोन ॲक्सलच्या मधल्या भागात खालच्या आडव्या कडेला तडा असेल तर गोष्ट वेगळी. भार पडला की सगळा ताण त्या कडेवर येतो. त्याच कडेवर कोणी आधी भोक पाडलं असेल किंवा आडवी वेल्ड मारली असेल तर ती खूण वाईट समजा.

शेवटी वाकडेपणा. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या एकसारख्या बोल्टांवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने चार खुणा करा, गाडी पुढे काढा आणि कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरचा फरक बहुतेक गाड्यांत चालतो. दोन सेंटिमीटरचा फरक आला तर चेसिस वाकडी झाली आहे. कर्ण सारखे येऊनही गाडी तिरकी पळत असेल तर पाट्यांचे मधले बोल्ट तपासा, कारण ते तुटले की ॲक्सल सरकतो आणि चेसिस सरळ असूनही गाडी तिरकी पळते.

इंजिन: धुरावरून निकाल देऊ नका

काळा धूर दिसला की "इंजिन गेलं" म्हणणारे खूप. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. कारण तुंबलेला एअर फिल्टर असू शकतं, किंवा टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या रबरी पाइपला पडलेली चीर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. बराच वेळ मंद चालून मग रेस दिल्यावरच येत असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचा सील, भार असताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. थंड इंजिनाचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत गेला तर ते न जळलेलं डिझेल. गरम झाल्यावरही राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, हेड किंवा लायनर (सिलिंडरची आतली नळी).

ऑइल किती पितं ते इंधनाच्या प्रमाणात मोजा. १,००० लिटर डिझेलमागे पाच लिटरपेक्षा जास्त ऑइल वर टाकावं लागत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर इंजिन आतून झिजलंय असं धरून पुढे चला.

मग क्रॅंककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतला दाब. इंजिन गरम करा, मंद गतीवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं त्याच तोंडावर ठेवा. झाकण थोडं थरथरलं तर हरकत नाही. उडून पडलं, किंवा धुराचा लोट फटफट बाहेर येत राहिला, तर रिंगांमधून दाब खाली येतोय. पण इथेच पुष्कळ चांगली इंजिनं विनाकारण उघडली जातात. ब्रीदर (क्रॅंककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबला असेल तरीही हाच प्रकार दिसतो. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या असतील तर तोही क्रॅंककेसमध्येच हवा भरतो. हवेची टाकी भरून कॉम्प्रेसर कट-ऑफ झाल्यावर (हवा भरायचा थांबल्यावर) परत बघा. दाब एकदम उतरला तर दोषी कॉम्प्रेसर आहे, आणि त्याचं काम इंजिनाच्या तुलनेत किरकोळ.

संशय उरलाच तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, डिझेल बंद, सगळे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढलेले. निरोगी डिझेल इंजिनात साधारण २० ते ३० बार मिळतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या. सिलिंडरांतला फरक १०-१५ टक्क्यांच्या वर गेला की दखल घ्यायची. सगळे सारखेच कमी असतील तर सर्वसाधारण झीज. शेजारचे दोनच कमी असतील तर बहुधा त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलंय. एकच कमी असेल तर त्यात हवा भरून कुठे सुसू आवाज येतो ते ऐका: ऑइलच्या तोंडाशी आला तर रिंगा, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या पाइपात आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरमध्ये ऑइल ओतून कॉम्प्रेशन बघायचा प्रयोग डिझेलमध्ये करू नका. तिथे जागाच इतकी कमी असते की आकडा फसवा येतो, आणि ऑइल जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन न उघडता आतलं कळायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ऑइलची प्रयोगशाळेतली तपासणी. गरम ऑइल काढताना धार सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर, मधल्या धारेचा नमुना घ्या. लोह आणि सिलिकॉन दोन्ही वाढलेले असतील तर हवेतून धूळ आत जातेय. शिसं वाढलं तर बेअरिंग. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट आत येतंय. एका नमुन्यावर निर्णय नको. लागोपाठच्या दोन-तीन ऑइल बदलांत आकडा कसा चढतोय ते बघा.

बाकीची अंगं

गिअर आपोआप सुटणं, ड्रेन प्लगच्या चुंबकावर पिठासारखी पूड ऐवजी तुकडे सापडणं, भार देताना एक आणि रेस सोडताना दुसरा गुणगुणाट येणं: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या खुणा एवढ्याच. क्राऊन आणि पिनियन (डिफरन्शियलचे एकमेकांत बसणारे दोन गिअर) नेहमी जोडीने बदलतात; एकच बदलून पैसे वाचवणारा सहा महिन्यांत परत येतो. क्लच, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, सेंटर बेअरिंग, पाटे या वापरातल्या वस्तू आहेत. त्यांच्यावरून गाडी विकायची नसते.

पुढच्या ॲक्सलवर मात्र वेळ द्या. मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचा ॲक्सल जॅकने उचला आणि स्टँडवर टेकवा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. चाक जड असेल तर टायरखाली लांब पहार घालून उचला. खडखड जाणवली तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ढिलेपणा गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा होता, घट्ट करून किंवा बदलून भागेल. ब्रेक दाबूनही तसाच राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बुश. किंगपिनचं काम महाग नाही, पण ॲक्सलच्या बीममधलं भोकच लांबट झालं असेल तर नवा किंगपिन तिथे टिकत नाही.

ब्रेक ड्रमवर कमाल व्यास ओतलेला किंवा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या पुढे गेलेला ड्रम घासून वापरायचा नाही, आणि एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारखे ठेवायचे.

नव्या पिढीच्या गाड्यांत धुराच्या नळीतली यंत्रणा स्वतंत्रपणे मोजा, कारण तिची किंमत कधीकधी इंजिन दुरुस्तीच्या जवळ जाते. काजळीचा फिल्टर तुंबला की तो बदलायला सांगतात. आधी विचारा, आत काजळी आहे की राख? काजळी तापवून जळते. राख जळत नाही. फिल्टर काढून साफ करावा लागतो. आणि इंजिन ऑइल जाळत असेल किंवा इंजेक्टर गळत असेल तर नवा फिल्टरही तसाच भरणार.

वायरिंगची परीक्षा सोपी आहे. स्टार्टर फिरवताना मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर धरा. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग खराब. एखादी तार खराब असणं आणि हार्नेसचं (तारांच्या जुडग्याचं) आवरणच कडक होऊन जागोजागी तडकणं यात फरक करा. दुसरा प्रकार असेल तर गाडी कधी, कुठे बंद पडेल हे कोणी सांगू शकत नाही.

आता आकडे

सापडलेले दोष तीन ढिगांत टाका. जीवावर बेतणारे: स्टिअरिंग, ब्रेक, चेसिस, चाकं. वाढत जाणारे, म्हणजे आज न केलं तर उद्या शेजारचा भागही खाणारे: कूलंटची गळती, बेअरिंगचा आवाज, ऑइलचा कमी दाब. आणि सहन होणारे: चेपलेला दरवाजा, फाटलेली सीट, घामट सील. हिशेबात पहिले दोन ढीग घ्यायचे. तिसरा ढीगच माणसाला गाडीचा कंटाळा आणतो, म्हणून तो बाजूला काढणं गरजेचं.

सर्रास सांगितला जाणारा नियम असा की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली की गाडी काढा. हा नियम मालाच्या गाडीला लागू पडत नाही. तुम्ही काम विकत घेताय, गाडीची बाजारातली किंमत नव्हे.

उदाहरण बघा. नवी गाडी घेतल्यास घसारा आणि व्याज मिळून महिन्याला जे पडेल त्याला १०० भाग म्हणू. विमा जुन्या गाडीपेक्षा ६ भाग जास्त; शिवाय नव्या गाडीची देखभाल ८, अधूनमधून उभं राहण्याचे २, एकूण ११६. ती डिझेल कमी खाते, त्याचे १५ वजा केले तर १०१.

जुन्या गाडीची आजची किंमत १,२०० भाग आणि इंजिन बांधायला ९०० लागतात. "निम्म्याचा" नियम म्हणेल काढा. पण चेसिस धड आहे आणि इंजिन ३६ महिने चालेल असं धरलं तर महिन्याला २५ पडले. इतर दुरुस्त्या २०, देखभाल १२, महिन्याला दोन दिवस खोळंबा १६ (भाड्याची गाडी आणि बसून राहिलेल्या चालकाचा पगार धरून दिवसाला ८), किंमत उतरण्याचे ४. एकूण ७७. ठेवणं सरळ फायद्याचं.

आता दोनच गोष्टी बदलून बघा. चेसिस जेमतेम दीड वर्ष काढेल असं निघालं, तर तेच ९०० अठरा महिन्यांत वाटले जातात, महिन्याला ५० पडतात आणि एकूण १०२ होतं. किंवा चेसिस ठीक, पण वायरिंगमुळे गाडी महिन्याला दोनऐवजी पाच दिवस उभी, तर खोळंब्याचे १६ चे ४० होतात आणि एकूण १०१. बिलाचा आकडा तिन्ही वेळा तोच होता. उरलेले महिने आणि उभे दिवस, हे दोन आकडे प्रामाणिकपणे लिहा. बाकीच्यांत थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही.

दोन चुका इथे हमखास होतात. एक, आजवर घातलेला पैसा मोजणे. "गेल्या वर्षी गिअरबॉक्स केलाय, आता कसा सोडू?" त्या कामाचा उपयोग एवढाच की पुढच्या दोन वर्षांच्या रकान्यात गिअरबॉक्सचा खर्च धरायचा नाही. दुसरी, नव्या गाडीला खर्चच नाही असं समजणे. टायर, बॅटरी, ऑइल दोन्हीकडे लागतं.

दोन्ही एकूण आकडे दहा टक्क्यांच्या आत आले तर हिशेबाने निर्णय होणार नाही. मग सुटे भाग बघा. किरकोळ भाग सगळे मिळतात. प्रश्न इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, स्टिअरिंग बॉक्स, केबिनचे भाग यांचा असतो. ते भंगारातूनच शोधावे लागत असतील तर बदला.

ठेवायचं ठरलं तर

अर्धं काम करू नका. इंजिन खाली उतरवलंच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रॅंकचा मागचा सील एकदमच बदला. मजुरी तीच असते. क्रॅंकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून आकडे लिहून घ्या. सहसा ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी घासतात. आधीच शेवटच्या मापाला आलेला क्रॅंक परत घासता येत नाही, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे. ओले लायनर (ज्यांच्या बाहेरून कूलंट फिरतं) असतील तर बाहेरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढे खड्डे आहेत का बघा. योग्य कूलंट न वापरल्याने ते पडतात, आरपार गेले की ऑइलमध्ये पाणी येतं आणि लोक गॅस्केट बदलत बसतात. लायनर ब्लॉकच्या वर किती उभा राहतो ते प्रत्येकाचं मोजा, नाहीतर नवं गॅस्केट टिकणार नाही.

बेअरिंग फुटून इंजिन गेलं असेल तर ऑइल कूलर बदलाच. धातूचे कण त्याच्या आत अडकून राहतात, धुऊन पूर्ण निघत नाहीत, आणि नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतात. बांधलेलं इंजिन महिन्याभरात परत आलं तर बऱ्याच वेळा कारण तिथे असतं. रेडिएटर उघडून साफ करणं आणि इंजेक्टर बेंचवर तपासणं याच वेळी.

आणि काम सुरू होण्याआधी मर्यादा लिहून ठेवा: किती महिने, किती खर्च, त्यापुढे काय करणार.

बदलायचं ठरलं तर

जुनी गाडी चालती असतानाच विका. बंद इंजिनाची गाडी आणि धूर काढत का होईना पण चालणारी गाडी यांच्या किमतीत मोठं अंतर असतं. फक्त विकण्यासाठी इंजिन बांधू नका, तो पैसा क्वचित सुटतो. दोष माहीत असतील तर ते घेणाऱ्याला सांगा, ब्रेक आणि स्टिअरिंगचे तर नक्कीच.

त्या जागी वापरलेलीच गाडी घेणार असाल तर वरची सगळी तपासणी तिच्यावर करा, चेसिसपासून. मालकाला आधी सांगा की इंजिन थंड हवं. गेल्यावर सुरू करण्याआधी ब्लॉकला हात लावून बघा. तो कोमट लागला तर गाडी कोणीतरी आधीच चालवून ठेवली आहे. थंड इंजिनाचा धूर आणि सुरुवातीचे आवाज तुम्हाला दिसणार-ऐकू येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.